डिक्कीच्या आतला रंग

वडिलांच्या पश्चात घरातल्या ज्या वस्तूंचे काय करावे हे कोणालाच ठरवता येत नव्हते, त्यांत त्यांची फियाट सर्वांत मोठी होती. २००४ पासून ती कऱ्हाडच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टपावर जुन्या गाद्या रचलेल्या, मागच्या सीटवर मांजरीची तीन-चार बाळंतपणे झालेली. २०२२ च्या दिवाळीत धाकट्या भावाने ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतले. तो अभियंता; इंजिन, ब्रेक, वायरिंग हे त्याचे खाते. ‘दादा, रंगाचं तेवढं तू बघ,’ असे म्हणून त्याच्या दृष्टीने सर्वांत सोपे काम त्याने आमच्याकडे सोपवले. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला याहून अधिक काय जमणार, हा त्यातला गर्भितार्थ आम्ही ओळखला आणि गिळला. त्या सोप्या कामात पुढे आठ महिने गेले. जी गोष्ट आम्ही एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो, ती या आठ महिन्यांत प्रथमच आम्हांला नीट उमगली. म्हणून हे टिपण.

गाडी १९६६ सालची, फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. हे डिलाइट मॉडेल १९६४ मध्ये आले. त्याच गाडीला सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला ठाऊक झाली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखच लिहिले. काळी-पिवळी म्हटले की कोणाला रंग विचारावा लागत नाही. आमच्या घरच्या गाडीचे मात्र तसे नव्हते.

वडील डॉक्टर होते. त्यांनी गाडीसाठी नाव नोंदवले १९६१ मध्ये आणि गाडी हाती आली १९६६ मध्ये. परवान्यांच्या त्या काळात पाच वर्षे थांबणे हे काही नवल नव्हते. रंग कोणता हवा हे कोणी विचारले नाही. नंबर लागला तेव्हा जी गाडी समोर आली ती त्यांनी घेतली. पुढे १९८७ मध्ये, एकवीस वर्षांच्या ऊनपावसाने रंग विटला, खडूसारखा हाताला लागू लागला, तेव्हा त्यांनी कोल्हापुरात एका पेंटरकडून ती संपूर्ण रंगवून घेतली. गाडी घरी आली तेव्हा आई अंगणात होती. ती एकच वाक्य बोलली : ‘हा आपला रंग नव्हे.’ वडील म्हणाले, ‘हाच आहे.’ एवढाच संवाद. पण त्या घरात पुढली बावीस वर्षे तो अधूनमधून चालूच राहिला.

आलेला रंग हिरवट होता. शेवाळी म्हणता येणार नाही, पण त्या वाटेवरचा. आईच्या मते मूळ रंग ‘पारवा’ होता. १९९४ मध्ये वडिलांना मोतीबिंदू असल्याचे निघाले, शस्त्रक्रिया झाली, आणि आम्हां मुलांना वादाचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते. पिवळ्या भिंगातून निळे हिरवे दिसते. तेव्हा १९८७ मध्ये वडिलांच्या डोळ्यांनीच त्यांना फसवले असणार. हे स्पष्टीकरण सर्वांना सोयीचे होते. त्यात आई खरी ठरत होती आणि वडील खोटे ठरत नव्हते, फक्त म्हातारे ठरत होते. त्यांच्यासमोर आम्ही ते कितीदा तरी बोललो. ते ऐकून घेत. २००९ मध्ये ते गेले.

आता काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही प्रथम कागदपत्रे काढली. साहित्याच्या माणसाची पहिली धाव कागदाकडे. आर.सी. बुकात गाडीच्या रंगाचा रकाना असतो. त्यात कारकुनाच्या तिरक्या अक्षरात ‘ग्रे’ एवढा एकच शब्द होता. कित्येक देशांतल्या मोटारींवर रंगाचा संकेतांक कोरलेली पट्टी असते. तो संकेतांक घेऊन गेले की दुकानदार सूत्र काढून देतो. आमच्या गाडीवर तशी पट्टी मिळाली नाही. छायाचित्रे होती ती सगळी कृष्णधवल. त्यांवरून रंग फिका होता इतके कळे. पण फिका निळा, फिका हिरवा आणि फिका करडा कृष्णधवल छायाचित्रात शेजारी शेजारी उभे राहिले तर सख्खे भाऊ दिसतात.

राहिला आईचा शब्द. ‘पारवा’ हा साक्षीदार म्हणून मोठा अवघड शब्द आहे. मराठीतले रंग बहुधा वस्तूंचा हात धरून येतात : मोतिया, अबोली, आमसुली, अंजिरी, श्रीखंडी. ते लुगड्यांच्या दुकानात वाढलेले शब्द आहेत. ऐकणाऱ्याने ती वस्तू पाहिलेली आहे एवढे ते गृहीत धरतात. पण पारवा पक्षी एका रंगाचा कुठे असतो? भाऊ म्हणाला, ‘आई, पारव्याच्या मानेवर हिरवी झाक असते. म्हणजे बाबांचंही बरोबरच.’ चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘मान नव्हे रे, पाठ.’

यानंतर आम्ही पेंटरकडे गेलो. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात चाळीस वर्षे घालवलेला, थोडक्या शब्दांचा माणूस. त्याने सांगितलेली पद्धत ऐकून आम्हांला गंमत वाटली, कारण ती आमच्याच शास्त्राची होती. बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. ऊन, पाऊस, पॉलिश आणि मालकाची हौस यांनी तो बदललेला असतो. जिथे कोणाचा हात पोचला नाही अशी जागा शोधायची : डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू, डॅशबोर्डाच्या कप्प्यामागचा पत्रा, मागच्या सीटखालचा भाग. तिथला थर हलक्या हाताने रबिंग करून उघडा करायचा आणि तो मूळ धरायचा.

पाठचिकित्सा दुसरे काय करते? महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ मध्ये वि. स. सुखठणकर त्याचे प्रमुख संपादक झाले, आणि अठरा पर्वे पुरी झाली १९६६ मध्ये, म्हणजे आमची गाडी आली त्याच वर्षी. सुखठणकरांची भूमिका विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही नेहमी एका मुद्द्यावर भर देत असू. व्यासांनी लिहिलेले मूळ महाभारत हाती लागेल असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितक्या मागचे रूप सिद्ध करावे, एवढाच होता. हा फरक परीक्षेत दोन गुणांचा असे. त्याची खरी किंमत आम्हांला कऱ्हाडच्या गॅरेजमध्ये कळायची होती.

पेंटरने मागचे मडगार्ड एका जागी पॉलिश पेपरने घासून पाहिले. असे गोलाकार घासत गेले की झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी थरांची कडी दिसतात. आमच्या गाडीवर कडी निघाली ती अशी : बाहेर १९८७ चा हिरवट रंग, त्याखाली लांबी, त्याखाली रेड ऑक्साइडचा प्रायमर, आणि मग थेट पत्रा. कोल्हापूरच्या माणसाने काम चोख केले होते; जुना रंग खरडून पत्रा उघडा केल्याशिवाय त्याने नवा हात दिला नव्हता. बॉनेट, दरवाजे, टप, सगळीकडे तेच. मूळ रंग उरला होता तो फक्त आत, अंधाऱ्या जागी.

डिक्की उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला धूळ आणि तेलाचा थर होता. पेंटरने थिनरचा बोळा फिरवला. बोळ्याला रंग लागला नाही, तेव्हा तो म्हणाला, ‘डुको न्हाई, इनॅमल हाय.’ थोडे रबिंग केल्यावर आतला रंग चमकून वर आला. तो हिरवट होता. पेंटरने बाहेरच्या मडगार्डाकडे पाहिले, पुन्हा आत पाहिले आणि निकाल दिला : ‘सर, आतला आन् भाईरचा रंग येकच हाय की. कंपनीचा रंग ह्योच.’

आम्ही काही वेळ बोललो नाही. पस्तीस वर्षांचा वाद एका बोळ्याने मिटला होता, आणि आम्ही ज्या बाजूला उभे होतो त्या बाजूच्या विरुद्ध. त्याच वेळी पेंटरच्या बोटाखाली आणखी एक गोष्ट आली. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढा एक चौकोन भोवतालच्या रंगाहून गुळगुळीत होता. ‘हितं कुणीतरी आधी घासलंय,’ तो म्हणाला. ‘नमुना घेत्यात तसं.’

घरी येऊन आम्ही वडिलांची गाडीची फाइल पुन्हा काढली. १९८७ चे बिल आम्ही आधी पाहिले होते, पण रक्कम आणि तारीख पाहून बाजूला ठेवले होते. बिलाच्या मागे वडिलांच्या अक्षरात, प्रिस्क्रिप्शनवर लिहीत तशा त्रोटक शैलीत, एक ओळ होती : ‘नमुना डिक्कीचे आतून, घासून घेतला.’ म्हणजे पेंटरने आज आम्हांला जी शास्त्रशुद्ध पद्धत शिकवली तीच वडिलांनी तेव्हा वापरली होती. बाहेरचा विटलेला रंग त्यांनी नमुना म्हणून घेतला नाही. आठवणीवरही भिस्त ठेवली नाही. संपादकाने सर्वांत सुरक्षित हस्तलिखित शोधावे तशी त्यांनी झाकलेली जागा शोधली होती.

आता आमच्या मोतीबिंदूच्या उपपत्तीकडे आम्ही नव्याने पाहिले, आणि तिच्यातला दोष इतका उघडा होता की शरम वाटली. एल ग्रेको या चित्रकाराच्या आकृत्या उंच आणि लांबट असतात. त्याच्या दृष्टीत दोष असावा, त्याला जग तसेच दिसत असावे, असा तर्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका नेत्रवैद्याने मांडला होता. त्याला उत्तर साधे आहे. ज्या डोळ्यांना माणूस लांबट दिसतो त्यांना कॅनव्हासही लांबटच दिसणार. तेव्हा चित्र माणसाशी जुळवताना दोष दोन्हीकडे सारखा लागू होऊन वजा होतो. वडिलांचे भिंग पिवळे असेल, पण त्यांनी नमुना आणि नवा रंग दोन्ही त्याच भिंगातून शेजारी ठेवून पाहिले होते. निळ्याच्या बारीक छटा अशा डोळ्यांना कमी कळतात हे खरे. तरी पारव्याचा शेवाळी होण्याइतकी चूक त्यातून निघत नाही. हे आम्हांला तेव्हाच सुचायला हवे होते. सुचले नाही, कारण उपपत्ती सोयीची होती. आणि वडील स्वतः डॉक्टर. त्यांना तो दोष पहिल्याच दिवशी कळला असणार. तरी ते ऐकून घेत राहिले.

आईला आम्ही डिक्कीची हकिकत सांगितली. वाटले होते ती हसून सोडून देईल. ती रागावली. ‘एकवीस वर्षं मी त्या गाडीतून हिंडले. तुमच्या मुंजी, तुझं लग्न, सगळं त्याच गाडीतून. रंग मला माहीत नाही?’ तिच्या बाजूने आर.सी. बुकातला ‘ग्रे’ होताच. एका बाजूला प्रत्यक्ष वस्तूचा पुरावा, दुसऱ्या बाजूला एक स्मृती आणि एक कारकुनी शब्द. वर्गात हा प्रश्न आला असता तर आम्ही वस्तूच्या बाजूने कौल दिला असता.

कोंडी फुटली ती स्वयंपाकघरात, आणि फोडली आईनेच. दोनेक दिवसांनी फडताळाच्या दाराकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘तिथलं कालनिर्णय काढ बरं.’ दाराला पांढरा ऑइलपेंट आहे. एकाच खिळ्यावर वर्षानुवर्षे दिनदर्शिका टांगलेली. ती काढली. मागे कागदाच्या मापाचा पिवळा चौकोन होता. भोवतालचे दार पांढरे, झाकलेली जागा पिवळी. ‘झाकलं की पिवळं पडतं,’ आई म्हणाली. ‘दर दिवाळीला बघते मी. तुमच्या डिक्कीत कुठं ऊन येतं?’

यानंतर आम्ही रंगाविषयी वाचायला बसलो. रंग म्हणजे दोन गोष्टी : छटा देणारे रंगद्रव्य आणि ते पत्र्याला धरून ठेवणारे माध्यम. मोटारींना पूर्वी तेलाचे वार्निश लावत, ते वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीने ड्यूको हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आणले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे ‘डुको मारणे’ हे क्रियापद त्यातून आले. सिंथेटिक इनॅमल त्यानंतरचे. त्याचे माध्यम अल्किड राळेचे, आणि त्या राळेत जवसासारखे वनस्पतितेल मुरवलेले असते. या तेलाचा स्वभाव असा की अंधारात ते पिवळे पडत जाते आणि उजेडात तो पिवळेपणा बराचसा उतरतो. चित्रकारांना हे शतकानुशतके ठाऊक आहे. रुबेन्सने १६३८ मध्ये आपले एक चित्र पेटीत बंद करून फ्लॉरेन्सला पाठवले, तेव्हा सोबतच्या पत्रात त्याने कळवले होते की प्रवासात पांढरे भाग पिवळट पडले असतील तर चित्र अधूनमधून उन्हात ठेवावे. पांढऱ्यात पिवळे मिसळले तर पिवळट दिसते. निळसर करड्यात पिवळे मिसळले तर काय दिसेल हे चित्रकलेच्या तासाला बसलेले कोणतेही मूल सांगेल.

म्हणजे १९८७ मध्ये वडिलांनी घासून वर काढलेला रंग १९६६ चा नव्हता. एकवीस वर्षे अंधारात राहून तो बदलला होता. बाहेरचा रंग उन्हाने बदलला आणि आतला सावलीने. ज्या जागेला आम्ही ‘अस्पृष्ट’ म्हणत होतो तिला माणसाचा हात लागला नव्हता इतकेच खरे. काळ तिथेही पोचला होता.

हा तर्क झाला. त्याला प्रयोगाची जोड हवी होती. डॅशबोर्डाच्या कप्प्याचे झाकण सुटे करता येत होते, त्याच्या आतल्या बाजूला मूळ रंग होता. एप्रिल २०२३ मध्ये आम्ही ते झाकण गच्चीवर ठेवले. अर्ध्या भागावर काळा कागद घट्ट बांधला, अर्धा उन्हाला उघडा. कऱ्हाडचा उन्हाळा या कामी हयगय करीत नाही. पहिल्या आठवड्यात फरक जाणवला नाही. चोविसाव्या दिवशी कागद सोडला तेव्हा मधोमध एक सरळ रेघ उमटली होती. झाकलेला भाग हिरवट. उघडा भाग करडा, त्यात निळ्याची अगदी पुसट छाया. आईला वर येववत नाही, म्हणून झाकण खाली अंगणात नेले. तिने उघड्या अर्ध्यावर बोट ठेवले. ‘पारवा,’ ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

पुढचे काम तांत्रिक होते, तरी त्यातही एक धडा होता. पुण्याच्या एका रंगाच्या दुकानात पृष्ठभागावर टेकवून रंग मोजणारे यंत्र आहे. ते परावर्तित प्रकाशाचे तरंगलांबीनुसार मोजमाप करते आणि संगणक कोणती रंगद्रव्ये किती ग्रॅम घ्यायची ते सांगतो. पण १९६६ ची सगळी रंगद्रव्ये आज वापरात नाहीत; शिसेयुक्त क्रोमचे पिवळे, एकेकाळचे हुकमी द्रव्य, विषारी म्हणून मागे पडले आहे. माध्यमही आता दोन डब्यांतून एकत्र करायच्या पॉलियुरेथेनचे. तेव्हा यंत्र तीच छटा दुसऱ्या वाटेने गाठते. दुसऱ्या वाटेने गाठलेली छटा एका उजेडात हुबेहूब जुळते आणि दुसऱ्या उजेडात फुटते. पहिला नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळ्यासारखा दिसला, आणि फुटपाथवर आणताच जांभळट. भाषांतर करणाऱ्या वाचकांना हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको. लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस घेऊन पायरीवर उन्हात येणाऱ्या बायकांनाही नको.

तीन नमुने घेऊन आम्ही कऱ्हाडला परतलो. सकाळी अकराच्या उन्हात ते आईपुढे धरले. तिच्याही डोळ्यांची शस्त्रक्रिया २०११ मध्ये झाली आहे. नव्या भिंगातून निळे अधिक निळे दिसते, हे आम्ही धरून चाललो होतो. तिने सर्वांत निळा नमुना बाजूला सारला आणि मधला उचलला. यंत्राने उन्हातल्या झाकणाच्या सर्वांत जवळचा म्हणून सांगितलेला नमुना मात्र तिसरा होता. फरक इतका थोडा की आम्हांला तो सांगूनही दिसेना. आम्ही मधला घेतला. हे चिकित्सेच्या नियमात बसत नाही याची जाणीव आहे. पण झाकणावरचा पिवळेपणा पूर्ण उतरला होता याची खात्री यंत्र देऊ शकत नव्हते. त्याच्यापुढे जे होते ते त्याने मोजले. सुखठणकरांच्या त्या वाक्यातला ‘जितके मागे जाता येईल तितके’ हा भाग इथे संपला होता.

एक प्रश्न उरला होता, तो भावाने काढला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. ‘मूळ स्वरूपात म्हणजे पारवा, ठरलं,’ तो म्हणाला. आम्ही मात्र अडखळलो. ‘मूळ’ रंग वडिलांनी निवडलेला नव्हता. तो नंबर लागला तेव्हा वाट्याला आलेला. हिरवट रंग त्यांनी मूळ समजून मिळवला, त्यासाठी कोल्हापूरला खेपा घातल्या, आणि घरच्यांच्या नजरेतली दया सोसत बावीस वर्षे चालवला. आमची मुले त्याच रंगाच्या गाडीत आजोबांबरोबर फिरली. त्यांना पारवा ठाऊकच नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी त्याहून जुनी म्हणून वेगळी प्रत छापली. अभ्यासकांनी तिचे महत्त्व मानले. पण वारकऱ्याच्या ओठांवर राहिली ती नाथांच्या हातची परंपरा. या दोहोंत खरे कोणते असा प्रश्न विद्यार्थी विचारत, तेव्हा आम्ही ‘दोन्हींचे प्रयोजन वेगळे’ असे उत्तर देऊन तास संपवत असू. गाडीला मात्र दोन रंग देता येत नाहीत.

निर्णय आईवर सोपवला. तिला आम्ही वडिलांच्या अक्षरातली ती ओळ तोवर दाखवली नव्हती. डिक्कीची हकिकत सांगितली होती, पण बिल फाइलीतच राहिले होते. आता दाखवले. चष्मा लावून तिने ते दोनदा वाचले. ‘इथनं घेतला होता होय त्यांनी,’ ती म्हणाली. मग बराच वेळ कागद हातात धरून बसली. ‘मला सांगायचं नाही का?’

सांगितले असेलही. ‘हाच आहे’ या दोन शब्दांत त्यांनी सांगितले असेल, आणि मागचा पुरावा कोणी विचारला नसेल. आम्ही तर नाहीच विचारला. आमच्याकडे भिंगाची उपपत्ती होती.

गाडी जून २०२३ मध्ये पारव्या रंगात घरी आली. पावसाच्या आधी रंगाचे हात पुरे व्हावेत म्हणून पेंटरने शेवटचे आठ दिवस रात्रीही काम केले. डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू मात्र आईच्या सांगण्यावरून तशीच ठेवली आहे, त्या काड्यापेटीएवढ्या चौकोनासह. पेंटरला ते पसंत नव्हते. झाकण उघडले की काम अर्धवट दिसते, लोक आमाला नावं ठिवत्याल, असे त्याचे म्हणणे. त्याला आम्ही बिलाचा कागद दाखवला. तो वाचून म्हणाला, ‘सायेबांनी बराबर जागा धरली हुती. म्या बी हितनंच घेतला असता.’

आम्ही त्याला ते वाक्य आईसमोर पुन्हा म्हणायला लावले.